खरी हिस्टरी दिली म्हणून

"दार लावू नगंस," मावशी म्हणाल्या. "उघडंच ऱ्हाऊ दे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माझ्या हातात लघवीची छोटी प्लास्टिकची बाटली होती. कोल्हापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचं स्टाफचं बाथरूम. बाहेर कॉरिडॉर. कॉरिडॉरमध्ये बाक. बाकावर माझ्याबरोबर निवडलेल्या दोन मुली.

"मेट्रन मॅडमनी सांगितलंय, समोर उभं ऱ्हाऊन घे म्हणून. मी काय करू बाळ? माझीबी नोकरी हाय की."

मावशी तिथल्या आया. माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, भिंतीकडं तोंड केलं आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. दार उघडंच राहिलं.

मी बसले. होईना.

नर्सिंग कॉलेजमध्ये बेडपॅन द्यायला शिकवतात तेव्हा आधी पडदा ओढायला शिकवतात. पेशंट बेशुद्ध असला तरी. मी चार वर्षं पडदे ओढले होते.

थोड्या वेळानं मावशींनी हात लांब करून नळ सोडला. पाण्याच्या आवाजानं लघवी सुटते. आम्हीही पेशंटसाठी हेच करतो. त्यांनी ते माझ्यासाठी केलं, आणि तेव्हा मला रडू आलं. त्याआधी आलं नव्हतं.

बाटली घेऊन मी त्या दोन मुलींच्या समोरून लॅबकडं गेले. बाटलीवर माझ्या नावाची पट्टी. एक मुलगी आपल्या चपलेकडं बघत राहिली. तिच्या हातात बाटली नव्हती. दुसरीच्याही नव्हती.

ही तपासणी फक्त माझी होती. कारण मी खरं सांगितलं होतं.

त्याच सकाळी माझी मुलाखत झाली होती. मेट्रन मॅडमनी सलाइन, इंजेक्शन, ऑक्सिजन सगळं विचारलं. मी हळू बोलते, पण उत्तरं बरोबर दिली. "घेऊया हिला," त्या म्हणाल्या. राहिली फक्त मेडिकल फिटनेस. ती हॉस्पिटलचे मालक डॉक्टर स्वतःच करत. वजन, उंची, बीपी. मग त्यांनी विचारलं, "एनी हॅबिट्स? तंबाखू, मिसरी, काही?"

मुलाखतीत विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. मी बोलून टाकणारी मुलगी नाही. शाळेतही मागच्या बाकावर बसून बघत राहायची. पण मी तेव्हा तपासायच्या टेबलावर बसले होते. दंडाला बीपीचा पट्टा होता. समोर स्टेथोस्कोप घातलेला डॉक्टर हिस्टरी, म्हणजे आजार-सवयींची माहिती, घेत होता. वॉर्डात मीच किती बायकांना सांगितलं होतं, काकी, डॉक्टरांपासून काही लपवू नका, इथलं बाहेर जात नाही. ते मला पाठ होतं. त्यावर माझा विश्वासही होता.

मी म्हणाले, "सर, सेकंड इयरला काही आठवडे गांजा ओढला होता. नंतर कधीच नाही."

हॉस्टेलवर आम्ही त्याला वीड म्हणायचो. इंग्रजीत तो शब्द हलका वाटायचा, च्युइंगमसारखा. मराठीत म्हटल्यावर मला स्वतःलाच धस्स झालं.

तेव्हा माझी ड्यूटी भाजलेल्यांच्या वॉर्डात होती. तिथं माझ्याच वयाची एक मुलगी होती. रोज ड्रेसिंगच्या वेळी ती मला म्हणायची, "ताई, तू कर. तुझा हात हलका हाय." एका सोमवारी मी गेले तर कॉट रिकामी. गादीवर नवी चादर. मला कुणी काही सांगितलं नाही, आणि विचारायला मला जमलं नाही. संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर रूममेटनं सिगरेट पुढं केली. त्यात काय आहे ते मला माहीत होतं. मी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. काही आठवडे चाललं. मग एका सकाळी सलाइनचे थेंब मोजताना मला परत पहिल्यापासून मोजावं लागलं. पेशंट माझ्याकडं बघत होता. मी गच्चीवर जायचं सोडलं.

हे सगळं डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं. उठून दार उघडलं आणि कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, हिची यूरिन पाठवा. ड्रग टेस्ट. गांजा ओढायची म्हणते. समोर उभं राहून घ्या, बाटली बदलायला नको."

बीपीचा पट्टा अजून माझ्या दंडाला होता.

मेट्रन आत आल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इंग्लिश मीडियमची हाईस न्हवं? मग हेच शिकणार की."

रिपोर्टमध्ये काहीच आलं नाही. येणारच नव्हतं. तरी मेट्रन म्हणाल्या, "कळवतो." त्या दोन मुली सोमवारपासून ड्यूटीवर गेल्या.

आम्ही उचगावला राहतो. पप्पा फौंड्रीत आहेत. इंग्लिश शाळेत घातलेली आमच्या घरातली मी पहिली. पप्पांच्या शर्टाला भट्टीतल्या ठिणग्यांची भोकं पडलेली असायची, म्हणून पालकसभेला ते वेगळा शर्ट ठेवायचे. घरी मी एवढंच सांगितलं, जागा भरली.

मग मी दुसरीकडं गेले. तिसरीकडं. मंगळवार पेठेतल्या एका नर्सिंग होममध्ये तर बाई माझ्याशी छान बोलल्या, आतून एक फोन करून आल्या आणि म्हणाल्या, "आत्ता गरज न्हाय आमाला." आमच्याकडं नर्स अशीच घेतात. सर्टिफिकेट कुणी नीट वाचत नाही. आधीच्या ठिकाणी, नाहीतर ओळखीच्या मेट्रनला, फोन लावायचा, "पोरगी कशी हाय?" म्हणायचं, आणि पलीकडून जे येईल ती मुलगी. सगळ्या मेट्रन एकमेकींना ओळखतात. मी कुठं गेले तरी माझ्याआधी त्या पहिल्या हॉस्पिटलच्या मेट्रनचा फोन पोचलेला असायचा. माझा आवाज तसाही लहान. फोनवरचा मोठा.

पेठ वडगावच्या एका हॉस्पिटलला पप्पा बरोबर आले. सुट्टी होती, म्हणाले, गाडीवरनं सोडतो. मी नको म्हणायला हवं होतं. तिथल्या काउंटरवरच्या माणसानं माझं नाव ऐकलं आणि माझ्याशी बोललाच नाही. पप्पांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे दोन पावलं.

"पावणं, वाईट वाटून घेऊ नगा. कोल्हापुरास्नं कळलंय आमाला. औषधाचं कपाट अशा पोरीच्या हातात कसं देणार? गांजा म्हंजे काय..."

"कुणाचा गांजा?" पप्पा म्हणाले.

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मग पप्पांनी बघितलं.

परत आल्यावर पप्पांनी घराजवळ गाडी बंद केली, पण उतरले नाहीत. मीही मागं बसून राहिले.

"खरं हाय व्हय ते?"

"हो."

"आजून?"

"नाही. दुसऱ्या वर्षालाच सोडला."

"मग त्यांस्नी कशाला सांगितलंस?"

"डॉक्टरांनी विचारलं, पप्पा."

त्यांनी मान हलवली. "डॉक्टरनं इचारलं तर सांगितलंस. बापाला न्हाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी ते जेवले, भाकरी चांगली झालीय असं आईला म्हणाले, आणि माझ्याशी बोलले नाहीत. आई शेजारणींना सांगायला लागली की पोरगी सरकारी परीक्षेचा अभ्यास करतीया. मी दिवसभर आतल्या खोलीत बसायची. कधीकधी सवयीनं दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवून नाडी बघायची. दुसऱ्या कुणाची बघायला मिळत नव्हती.

मग पहिल्या हॉस्पिटलमधूनच फोन आला. तिथल्या काही नर्स नोकरी सोडून पुण्याला गेल्या होत्या. मेट्रन म्हणाल्या, "ये. सर बोलवत्यात."

मी गेले. मला जायचं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण बसमध्ये मी खूश होते.

डॉक्टर केबिनमध्ये चहा घेत होते. "बस. घेतो तुला. मॅडम, सांगा हिला."

मेट्रननी सांगितलं. पगार ट्रेनीचा. औषधाच्या कपाटाची किल्ली कधी हातात मिळणार नाही. इंजेक्शन भरताना दुसरी सिस्टर बाजूला उभी राहणार. आणि दर महिन्याला लघवी द्यायची. मावशींच्या समोर.

"दुसऱ्या कुणी घेतलं नसतं तुला," त्या म्हणाल्या. "सरांचं मन मोठं हाय."

मी मान हलवत होते. खरं सांगते, मी हो म्हणणार होते. हो तोंडात आलेलं होतं.

तेवढ्यात डॉक्टर हसले. माझा चेहरा बघून त्यांना मला जरा हलकं करायचं असावं. "एवढं मनावर घेऊ नकोस गं. मेडिकलला हॉस्टेलवर आम्ही सगळ्यांनीच ओढलाय. फायनल इयरला तर विचारूच नका, मॅडम. आमच्या रूमचं नावच आश्रम होतं."

"सर, तुमी बी काय!" मेट्रन हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या.

दोघं हसत होते. मी त्यांच्याकडं बघत होते. तीच वस्तू. तसंच हॉस्टेल. त्यांच्या तोंडात ती गंमत होती. माझ्या अंगावर तो डाग होता.

"सर," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. परत म्हणाले, "सर, तुमची कुणी टेस्ट घेतली होती का?"

"काय?"

"समोर उभं राहून."

ते हसायचे थांबले. "आमची गोष्ट वेगळी होती."

"कशी?"

"ए," मेट्रन म्हणाल्या, "कुणाशी बोलतीयास?"

"मी तुम्हाला हिस्टरी दिली होती, सर. तपासायच्या टेबलावर बसून. ती पेठ वडगावपर्यंत गेली. माझ्या वडिलांना ती काउंटरवर कळली." मी उभी राहिले. "मला ही नोकरी नको."

मेट्रन माझ्या मागं दारापर्यंत आल्या. "एक फोन केला तर कोल्हापुरात कोण उभं करणार न्हाय तुला!"

"तो तुम्ही केलाय, मॅडम," मी म्हणाले. "आधीच."

बाहेर आल्यावर मला धाडस वगैरे काही वाटलं नाही. बस स्टॉपवर मी बसून राहिले, दोन बस सोडल्या. एका फुलवालीनं पाणी दिलं. घरी आल्यावर पप्पांना सगळं सांगितलं. गच्ची, ती मुलगी, रिकामी कॉट, उघडं दार. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. अजूनही आमच्यात पहिल्यासारखं बोलणं नाही. होईल की नाही, माहीत नाही.

नोकरीही नाही.

उद्या इचलकरंजीला मुलाखत आहे. तिथंही फोन गेला असेल. या वेळी खुर्चीवर बसायच्या आधी मीच सांगणार आहे, माझ्या तोंडानं, मराठीत, गांजा म्हणूनच. कमी पगारावर राहणार नाही. कपाटाची किल्ली इतर सिस्टरांना मिळते तशी मलाही मिळाली पाहिजे. तपासणी करायची असेल तर सगळ्यांची करा, डॉक्टरांपासून. नाही म्हणाले तर उठून येईन आणि पुढच्या दारात हेच पुन्हा म्हणेन.

मी नोकरी मागायला जाते आहे. माफी मागायला नाही.