एका नंबरावर एकच मेसेज

शंका काढणं हा माझा स्वभाव, आणि नोकरीही त्याचीच. कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर आहे, प्रोग्राममधल्या चुका शोधते. डायलिसिसच्या रुग्णांना पाळीची वेळ मोबाईलवर कळवणारी यंत्रणा आम्ही एका हॉस्पिटलला करून दिली होती. मशिनं कमी, रुग्ण फार. म्हणून मेसेज आल्याशिवाय यायचं नाही, असं सगळ्यांना बजावलेलं. डायलिसिसची पाळी चुकली की अंगात पाणी साठतं आणि जिवावर बेततं.

आमच्यात एक रीत होती. नवीन काही करायचं तर हॉस्पिटलच्या बाजूने बोलणारे काका, प्रोग्राम लिहिणारा आणि मी, अशी तिघं आधी एकत्र बसायचो. तिघांचा होकार आल्याशिवाय कामाला हात लागत नसे. रीत चांगली होती. माणसं आम्हीच होतो.

त्या दिवशी काकांची तक्रार साधी होती. एकाच पाळीचे दोन-दोन मेसेज जातात, लोक कावतात. "एका नंबरावर दिवसाला एकच मेसेज जाऊ दे की! त्यात काय एवढं?"

प्रोग्रामर म्हणाला, अर्ध्या तासाचं काम. माझ्या मनात आलं, एकाच फोनवर घरातले दोन रुग्ण असले तर? मी तोंड उघडतेय तोच काका म्हणाले, "आला बघा आमचा शंकासुर! मॅडम, आज जेवायचं हाय का न्हाय?" दोघंही हसले. मीही हसले आणि मान डोलावली. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

चाचण्या सगळ्या पास झाल्या. त्या मीच लिहिल्या होत्या, आणि त्यांतल्या प्रत्येक माणसाकडे स्वतःचा फोन होता.

आठवड्याभराने कामानिमित्त वॉर्डात गेले. सिस्टर म्हणाल्या, गडहिंग्लजकडचा एक रुग्ण दोन पाळ्या आलेला नाही. यादीतला त्याचा नंबर मी तिथूनच लावला. फोन वाजला तो समोरच्या खाटेवर, मशिनला जोडलेल्या माणसाच्या उशाशी. ते त्याचे थोरले भाऊ. दोघांना एकच आजार, पाळीचा दिवस एकच, घरात फोनही एकच.

"त्येला मेसेजच न्हाय आला की," ते म्हणाले. "डाक्टरांनी पाळ्या कमी केल्या म्हणून खुशीत हाय गडी. गल्लीत पेढं वाटलं. कालपासनं जरा धाप लागतीया. थंडीनं असंल, न्हवं?"

सिस्टर अँब्युलन्सला फोन लावायला धावल्या. गडहिंग्लज दीड तासावर. "थंडीनं नाही," मी म्हणाले आणि त्यांच्याकडे गल्लीतल्या कुणाचा तरी नंबर मागितला.