मामांचे पंतप्रधान

इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून माझ्या बायकोच्या मामांनी इंग्लंडच्या राजकारणाची जेवढी काळजी वाहिली, तेवढी खुद्द इंग्लंडातही कुणी वाहिली नसेल. तीही आजच्या नव्हे, एकोणिसाव्या शतकातल्या राजकारणाची. मामा नांदगावच्या शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊन नाशिकला आले ते एका इंग्रज पंतप्रधानाला सोबत घेऊनच. हा गृहस्थ जेमतेम काही महिने टिकला. पंतप्रधान म्हणून संसदेपुढे उभं राहायचीही त्याच्यावर वेळ आली नाही. मामा त्याला ‘आमचे साहेब’ म्हणत, आणि सगळा गोंधळ तिथेच सुरू होई. नव्वदच्या दशकात दिल्लीतली सरकारंही भराभर पडत होती. मामा वर्तमानपत्र मिटून, साहेबांना दोघांनी मिळून घालवलं, असं हळहळले की शेजारचे निवृत्त तलाठी बातम्या लावायला धावत. मी स्वतः लग्नानंतर बरेच दिवस हे साहेब मामींकडचे कुणी नातेवाईक समजून त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचो. मामाही मनापासून सांगत, “तब्येतीचं सुख नव्हतंच हो त्यांना.”

एकदा पिंपळगाव बसवंतला लग्नाच्या पंगतीत मामांच्या शेजारी एक द्राक्षांचे व्यापारी बसले. मामांनी सुरुवात केली. एका समितीच्या अध्यक्षपदावरून साहेबांच्या दोन मंत्र्यांत जुंपली, साहेबांना कुणालाच दुखवता येईना, शेवटी ते राजापुढे जाऊन रडले, राजानेच त्यांना स्वतःचा रुमाल दिला. व्यापाऱ्यांना हे बाजार समितीचं प्रकरण वाटलं. राजा म्हणजे कुणी राजाभाऊ असणार असं धरून, कोणता गट फुटला, ते विचारत राहिले. मग मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून म्हणाले, “रडला तर काय झालं, गुरुजी? माणूसच हाय ना. नंतर त्याच्याकडं कुणी गेलं का नाय?”

मामांचा घास हातातच राहिला. नंतर ते जेवलेच नाहीत.

परतताना ते जीपमध्ये पुढे बसले होते, तेव्हा मामींनी मला हळूच सांगितलं. मामा नांदगावला मुख्याध्यापक झाले होते, थोडेच महिने. वेळापत्रकावरून शिक्षकांत दोन तट पडले आणि संस्थेच्या अध्यक्षांसमोर मामांना रडू कोसळलं. त्यांनी पद सोडलं आणि पुन्हा वर्गावर शिकवू लागले. ते दिवस कसे गेले, असं त्यांना कुणीच विचारलं नाही. पुढे केव्हातरी शाळेच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात त्यांना साहेब भेटले.

शाळा दर वर्षी माजी मुख्याध्यापकांना स्नेहसंमेलनाला बोलवायची आणि मामा दर वर्षी सर्दीचं कारण सांगायचे. त्या वर्षी मात्र हो म्हणाले. मी सोबत गेलो. भाषणात स्वतःबद्दल ते अक्षरही बोलले नाहीत. साहेब पुढे दुसऱ्यांच्या मंत्रिमंडळांत गेले आणि निमूटपणे काम करत राहिले, एवढंच सांगितलं, पण अगदी सावकाश, एकेक शब्द जपून. मुलांना काही उमगलं नाही. टाळ्या मात्र जोरात वाजल्या.

परतीच्या एसटीत मामांनी खिडकीजवळची जागा धरली. मग म्हणाले, “शेवटी बरं झालं ना त्यांचं?”

“झालं, मामा,” मी म्हणालो.

कुणाचं, ते मला नक्की कळलं नव्हतं. विचारावं म्हणून वळलो, तर मामा खिडकीला डोकं टेकून शांत झोपले होते.