बापाचं नाव हुसेन

"ह्या म्हाताऱ्याला हितनं हलवा. आमच्या आण्णांच्या शेजारी ह्यो नको."

ते माझ्याशी बोलत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. मी ड्युटीवर होते, हातात औषधांचा ट्रे. त्यांचं बोट कॉट नंबर सातच्या पाटीकडे होतं. पाटीवर निळ्या मार्करनं लिहिलं होतं, हुसेन, वय ७०. आमच्याकडे पाटीवर पहिलं नाव आणि वय एवढंच लिहायची पद्धत. अक्षर माझं होतं.

त्या कॉटवर माझे आप्पा होते. माझे वडील.

मिरजेतलं खासगी हॉस्पिटल. मी तिथं आयसीयूत स्टाफ नर्स. आप्पांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, छातीत पाणी साठलेलं. जतकडच्या आमच्या गावातून त्यांना मीच घेऊन आले. आई मागेच वारलेली. भाऊ मेंढरं घेऊन कराडकडे उतरलेला. आप्पांनीही जन्मभर तेच केलं, मेंढरामागं चालले. भरती करताना त्यांचा पटका सोडला, घोंगडं कपाटात ठेवलं, हॉस्पिटलचा अंगरखा चढवला. दाढी चार दिवसांची, पांढरी. हा माणूस धनगर आहे असं सांगणारं त्यांच्या अंगावर काहीच उरलं नाही. उरलं फक्त नाव.

बोलणारे गृहस्थ वाळव्याकडचे बागायतदार. सगळे त्यांना दादा म्हणत, आमच्या इनचार्ज सिस्टरसुद्धा. त्यांचे वडील आण्णा कॉट नंबर आठवर. आयसीयूत स्पेशल रूम नसते, तिथं बंगलेवाला आणि पालवाला शेजारी शेजारी झोपतात. घरचा ऊस, एक भाऊ सैन्यात अधिकारी. दादांना आवाज चढवायची गरज कधी पडत नसे. हळू बोलले तरी लोक पळत.

मला बोलता आलं असतं. पेशंट हलवायचा की नाही ते डॉक्टर ठरवतात, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. रोज म्हणते की मी लोकांना. पण मी म्हणाले, "दादा, माझे वडील हायती हे. आमी तसले न्हाई. धनगर हाय आमी."

हे वाक्य लिहिताना आजही मला माझी लाज वाटते.

पलीकडे कॉट नंबर पाचची चादर आमिनामावशी बदलत होती. ती आमच्या वॉर्डातली आया. मी नवीन होते, इनचार्ज ओरडल्या की कोपऱ्यात जाऊन रडायचे, तेव्हा हीच डबा उघडून समोर ठेवायची. तिनं चादरीचा कोपरा गादीखाली दाबला आणि कॉटच्या दुसऱ्या बाजूला गेली.

दादा हसले. आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? आन असलं नाव कशापायी ठेवलं? बदला ती पाटी. आण्णा बघून घाबरत्यात. कायतरी देवाचं लिवा. हरी लिवा."

आण्णा घाबरत नव्हते. आण्णांना झोपेचं इंजेक्शन दिलेलं होतं, ते मीच दिलं होतं.

इनचार्ज सिस्टरनं मला बाजूला घेतलं. "दोन दिवसांचा प्रश्न आहे. मोठ्या डॉक्टरांच्या ओळखीतले आहेत ते. केसपेपरला हात लावू नका, नुसती पाटी बदला. तुमच्या वडिलांना कुठं वाचता येतंय?"

मी स्पिरिटमध्ये कापूस बुडवला. हुसेन पुसलं. हरी लिहिलं. कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं. अक्षर चांगलं आलं.

आमच्या गावात हुसेन पुष्कळ. माळ्यांचा हुसेन, सुताराचा हुसेन, मुलाण्यांचा हुसेन आणि आमचा मेंढरंवाला हुसेन. मोहरमला पीर बसले की पंजे उचलायला सगळ्या आळ्यांतली माणसं. घरोघर चोंग्यांचा, मलिद्याचा गोड नैवेद्य. माझ्या आजीची मुलं जगत नव्हती. पाळण्यातली पाळण्यातच जायची. तिनं पिरापुढं पदर पसरला, एक तरी जगू दे, तुझं नाव ठेवीन. आप्पा जगले. हुसेन कोण, करबला कुठं, आजीला काही ठाऊक नव्हतं. नवस बोलली होती, तो फेडला. आप्पांच्या गळ्यात मोहरमला लाल नाडा असायचा आणि बिरोबाच्या जत्रेला तेच आप्पा भंडाऱ्यानं पिवळे व्हायचे. गावात कुणाला यात काही अवघड वाटलं नाही.

मला वाटायला लागलं ते सांगलीत नर्सिंगला आल्यावर. हजेरीत माझं नाव, मग हुसेन, मग आडनाव. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तू तशी दिसत नाहीस गं." मला ते कौतुक वाटलं. मग मी मधलं नाव लिहायचं सोडून नुसतं एच लिहायला लागले. सोयीचं पडायचं. म्हणजे पाटी पुसायची सवय मला त्या दिवशी आयसीयूत लागलेली नव्हती. जुनीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डबॉय आप्पांना म्हणाला, "हरीबाबा, कूस बदला." आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. मग मला जवळ बोलावलं. मास्क बाजूला करून विचारलं, "हरी कोन गं?"

"हितं तुमालाच म्हनत्यात तसं. त्यास्नी सोपं पडतं."

"आन हुसेन अवघड हाय व्हय?"

मी सलाईनची नळी बघत राहिले. नळीला काही झालेलं नव्हतं.

"त्या फळीवर काय लिवलंय?"

"तुमचंच नाव लिवलंय, आप्पा."

त्यांनी मास्क परत नाकावर धरला. दम लागत होता. जन्मभर माणसांपेक्षा मेंढरं जास्त ओळखलेला माणूस. कळपातलं कोणतं जनावर आजारी आहे ते लांबून सांगायचे. माझं खोटं ओळखायला त्यांना वाचता यायची गरज नव्हती.

"आईनं नवसानं घेतलंय ते नाव," ते म्हणाले. "त्याच्यावर जगलोय मी. तेवढं ऱ्हाऊ दे, बाय."

मी व्हय म्हणाले. आणि पाटी बदलली नाही. आयसीयूत नातेवाइकांना बसू देत नाहीत, पण दादा तिथंच स्टुलावर बसलेले होते.

त्याच दुपारी आप्पांचं बी.पी. पडलं. मॉनिटर वाजायला लागला. ड्युटीवरचे डॉक्टर नवे, तरणे. त्यांनी पाटीकडे एकदा बघितलं आणि आप्पांचे गाल थोपटायला लागले. "हरीबाबा! हरीबाबा, ऐकू येतंय का? डोळे उघडा. हरीबाबा!"

आप्पा हलले नाहीत.

पेशंट शुद्धीवर आहे का ते बघायला पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारतात. आम्हाला शिकवतातच तसं. मी कॉटच्या पायथ्याशी उभी, हातात भरलेली सिरिंज. माझ्या तोंडात नाव होतं. समोर दादा उभे होते, गर्दी बघायला उठलेले. एक हाक मारायची होती फक्त. स्वतःच्या बापाला. माझा आवाज निघाला नाही.

"हुसेनआप्पा!"

आमिनामावशी दारातून ओरडली. हातात बेडपॅन. सगळा आयसीयू वळून बघायला लागला. "हुसेनआप्पा, आवं डोळं उघडा. आमी हाय हितं."

आप्पांनी डोळे उघडले. आवाज आला तिकडे बघितलं. दाराकडे. माझ्याकडे नाही.

त्या नजरेत मी कुठंच नव्हते. ते दुःख कसं सांगू मला कळत नाही. लोक म्हणतात, बेशुद्धीत माणूस काहीही करतो. म्हणू देत.

संध्याकाळी मावशी भांडी धुवायच्या खोलीत होती. मी जाऊन तिच्याजवळ उभी राहिले. मावशी, माझं चुकलं, एवढंच बोलता आलं. तिनं नळ बंद केला.

"माज्या थोरल्याचं नाव बी हुसेन हाय. ठावं हाय न्हवं तुला? कापडाच्या दुकानात हाय सांगलीत. मालकानं त्याचं नाव सोनू ठिवलंय. गिऱ्हाईक बिचकतं म्हनं. दोन वर्सं झाली. आता घरात हाक मारली तर पोरगं दचकतंय, कुनी ऐकलं का म्हनून आदी दाराकडं बगतंय."

मी रडायला लागले.

"रड की. तुजा बाप दोन दिस हरी झाला, तर तुला एवडं लागलं. पन तुज्याकडं सांगायला दुसरं कायतरी हुतं. धनगर हाय, म्हनालीस, सुटलीस. मी काय सांगू गं? तसले न्हाई म्हनालीस तवा मी हितंच हुते की उभी."

मी पुन्हा माफी मागितली. तिनं ओले हात पदराला पुसले. "माफी नगं मागूस. मला काय करायचीय ती."

एवढं बोलून ती बेडपॅन मांडायला लागली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री पाटीवरचं हरी पुसून मी हुसेन लिहिलं. आप्पांना ते सांगितलं. ऐकलं की नाही माहीत नाही. सकाळी सव्वानऊला ते गेले. पाटीचा आणि मरणाचा संबंध नाही, हृदय थकलेलं होतं, हे मी नर्स म्हणून जाणते. मुलगी म्हणून मला रोज वाटतं की आजीनं मागून घेतलेलं नाव मी पुसलं आणि माणूस गेला. हे वाटणं जात नाही. जावं असंही मला वाटत नाही.

भाऊ यायचा होता. मी बाहेर बाकावर बसले होते. दादा आले, हात जोडले. अगदी मनापासून जोडले असतील, मी नाही म्हणत नाही.

"वाईट झालं. हरीबाबा लय गुनी मानूस. काय लागलं-सवरलं तर सांगा. अनमान करू नगा, आपल्यातलीच हाय तुमी."

आपल्यातली.

मी शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीत आमचा कळप त्यांच्याच मुलखात बसायला असायचा. मोकळ्या रानात मेंढरं बसवली की लेंडीचं खत मिळतं, म्हणून बागायतदार स्वतः बोलावून नेतात. खत पाहिजे, धनगर नको. आम्हाला पडवीची पायरी चढू देत नसत, मेंढराचा वास मारतो म्हणून. भाकरी बांधावर आणून ठेवायचे. आप्पा ती उचलून डोक्याला लावायचे आणि मग आम्हाला वाटून द्यायचे. तेव्हा आम्हाला कुणी आपल्यातले म्हटलं नाही. आज म्हणत होते, कारण बाहेर ठेवायला दुसरं कुणीतरी सापडलं होतं. आणि ते दुसरं कुणीतरी मी माझ्याच तोंडानं दाखवून दिलं होतं. आम्ही तसले नाही. म्हणजे जे तसले आहेत त्यांना हलवा.

"त्यांचं नाव हुसेन होतं," मी म्हणाले.

"ते हाय वो. पन आमाला आता ठावं हाय की, तुमी आपल्यातलीच."

"न्हाई दादा. मी तुमच्यातली न्हाई."

दादांच्या मागून आलेल्या इनचार्ज सिस्टरनं माझा दंड धरला. मी सोडवून घेतला.

"पाटी मी पुसली. माझ्या हातानं. तुमी सांगितलं म्हनून पुसली. दोन्ही लिवून देनार हाय."

लिहून दिलं. आधी माझी चूक, मग त्यांचं बोलणं, मग इनचार्जचं. खाली पूर्ण सही केली, मधल्या नावासकट. मेमो मला आला. दादांना कोण मेमो देणार? पेशंटच्या ओळखीशी छेडछाड, असं त्यात लिहिलं होतं. खरंच होतं ते. मी तो घेतला आणि राजीनामा दिला.

आता साताऱ्यात आहे. नोकरी मिळाली, खोली मिळायची आहे. मागच्या आठवड्यात एक चांगली खोली बघितली. हवेशीर, पाण्याची सोय, घरमालकीण एकट्याच, बोलायला गोड. चहा दिला. भाडेकरू नोंदणीचा फॉर्म पुढे केला. मी पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"हुसेन म्हणजे... तुम्ही तसल्या का? रागावू नका हं, विचारावं लागतं हल्ली."

माझ्या फाइलमध्ये जातीचा दाखला होता. एक वाक्य बोलले असते तर किल्ली हातात आली असती. बाईंना तेच हवं होतं. त्या अगदी आशेनं माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"वडिलांचं नाव आहे," मी म्हणाले.

"ते कळलं हो. पण तुम्ही कोण?"

"त्यांची मुलगी."

त्यांनी फॉर्म परत घेतला. भाचा येणार आहे म्हणाल्या, आत्ताच आठवलं म्हणे. मी चहाचा कप मोरीत नेऊन ठेवला आणि पायऱ्या उतरले.

अशा चार खोल्या झाल्या. पाचवी उद्या बघणार आहे. मैत्रिणी म्हणतात, सांगून टाक ना, खोटं थोडंच आहे? खोटं नाहीच. पण सांगितलं की मी आत जाते आणि माझ्या मागून येणाऱ्या आमिनामावशीच्या तोंडावर दार लागतं. एकदा लावलं मी ते. आता हा प्रश्न मला कुणीही विचारू दे, कुठंही विचारू दे, मी बापाचं नाव सांगेन आणि पुढं एक शब्द बोलणार नाही.