गाडीची खांदेमळणी

आमच्या चिखलीच्या मळ्यात एक काळी, चार दारांची, मागे डिकी असलेली मोटार होती. होती म्हणजे उभी होती. गोठ्याच्या बाजूला, पत्र्याखाली, बैलांच्या शेजारी. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी आमच्या गळ्यात घातली. गळ्यात घातली हे घरच्यांचं म्हणणं. मी स्वतः मान पुढे करून गेलो होतो, हे मलाच ठाऊक.

आमचं घर वांगी-मिरचीवालं. वडील आयुष्यभर बैलांमागे चाललेले. गाडी पहिल्यांदा मळ्यात आली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, दात पाहावेत तशी समोरची जाळी पाहिली आणि म्हणाले, "बैल काम करते तवा खाते. हे उभं राहूनही खाते बे."

खरंच खायची. तेल खायची, पाणी प्यायची, माझे रविवार खायची. मला मात्र तिचा आवाज कानात घालून झोप लागायची. सायलेन्सरचं भोक कोणतं आणि गॅस्केटची फट कोणती, हे मी डोळे मिटून सांगत असे. तालुक्याला मिस्त्री होता, पण त्याचा हात ट्रकवर बसलेला, आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं की तो म्हणायचा, "साहेब, हे घड्याळाचं काम आहे, आपलं नाही." मग मीच. बायकोच्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून फडकी केली, जुन्या चपलेच्या चामड्याचे वायसर कापले. वायसर गळत आणि चप्पलही गेली.

गाडीचा एकच मोठा दोष. सुरू होताना तिला माणसं लागत. बटण दाबलं की ती खोकायची, आणि मग आम्ही उतरायचो. घरातल्या प्रत्येकाची जागा ठरली होती. बायको उजव्या मागच्या दिव्यापाशी, भाऊ डावीकडे, मी दरवाज्यात एक पाय आत एक बाहेर. रस्त्यानं जाणारे चिखलीकर आपणहून हात लावत आणि मग चहाची वाट पाहत. ढकलणाऱ्याला चहा पाजायचा, हा नियम कोणी केला कोण जाणे. पण त्या काळात आमच्या घरी दूध पुरत नसे.

बायकोनं हे सगळं सोसलं. तिचं माहेर रोहिणखेड. एका चैत्रात मी तिला थाटात तिकडे नेलं. निघताना, जुन्या मशिदीजवळच्या चौकात, अख्खं गाव निरोप द्यायला उभं असताना गाडी खोकली. मी नुसतं मागे वळून पाहिलं. ती उतरली, नवं लुगडं खोचलं आणि आपल्या दिव्यापाशी गेली. तिच्या भावजया पदर तोंडाला लावून हसत होत्या. धक्का मारला, गाडी लागली, ती आत बसली. मोताळा गेलं, राजूरचा घाट गेला, बुलढाणा गेलं. चिखली येईपर्यंत ती बोलली नाही. घरी उतरताना एवढंच म्हणाली, "इकून टाका."

मी म्हटलं, "अवो, एकदा नीट करतो न."

"एकदा?" ती म्हणाली. "बरं. पोळा झाला की मले माहेराले न्या. नेऊन आणा. जाताना येताना कोणाचाही हात गाडीले लागला नाही पाहिजे. लागला तर तुमचा तो मेहकरचा अडत्या येऊन राह्यला न, त्याले देऊन टाका. मंजूर?"

मेहकरचा एक अडत्या गाडी मागत होता, हे तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही. मंजूर म्हटलं. वडील ओसरीवर सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "इचार करून बोल. सूनबाई शब्दाची पक्की हाये." गाडी जावी असंच त्यांच्या मनात असावं, असं मी धरून चाललो.

त्या पावसाळ्यात मी गाडीखालीच राहिलो. लोक आषाढात भजी खातात. मी ग्रीस खाल्लं. कार्बोरेटर उघडला, धुतला, बसवला, पुन्हा उघडला. प्लगची टोकं घासली. बॅटरीच्या तारा नव्या केल्या. कंबर अशी धरली की खालून बाहेर येताना आधी कुशीवर वळायचं, मग गुडघ्यावर यायचं, मग कोणीतरी हात द्यायचा. बायको हात द्यायची आणि लगेच घरात जायची. एखाद्या संध्याकाळी पत्र्यावर पाऊस वाजत असताना, कानात चिखल गेलेला, हातातला पाना हरवलेला, मला वाटायचं की अडत्या उद्याच आला तर बरं. पण सकाळी बटण दाबलं आणि ती एका दमात लागली की पुन्हा सगळं विसरायला व्हायचं. श्रावण सरत आला तेव्हा ती रोज एका दमात लागू लागली होती.

राहिले होते पुढचे ब्रेक. मागच्या चाकांना आता फक्त हातब्रेक लागायचा. चाकाच्या आत एक लोखंडी भांडं असतं, त्याच्या पोटात दोन अर्धगोल पट्ट्या. ब्रेक दाबला की पट्ट्या भांड्याला आतून घासतात आणि चाक थांबतं. त्या अगदी कोरड्या असाव्या लागतात. आमच्या किंचाळत होत्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी पुढची दोन्ही चाकं काढली, गाडी दगडांवर टेकवली, भांडी उतरवली, पट्ट्या घासून स्वच्छ केल्या. भांड्यांवर लावायचे दोन स्क्रू झिजलेले निघाले, म्हणून सायकल घेऊन बाजारात गेलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून खांदा सोललेला असतो, त्याला तूप-हळद चोळायची. चोळताना बैलाला आवतन द्यायचं: "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी त्याला कामाला जुंपायचं नाही, पुरणपोळी खायला घालायची. आणि आमच्या घरचा आणखी एक नेम होता, वडिलांच्या वडिलांपासूनचा: ज्याला पोळ्याचं आवतन दिलं, त्याला पुढचा पोळा येईपर्यंत बाजार दाखवायचा नाही. जेवायला बोलावलेल्याला विकत नसतात.

मी बाजारातून आलो तेव्हा वडील बैलांचं उरकून हात धूत होते. पाहतो तर दोन्ही भांडी जागच्या जागी बसलेली.

"आबा, हे कोणी लावलं?"

"म्या लावलं. उघडं पडलं होतं, धूळ बसली असती."

मला गहिवरून आलं. तोवर त्यांनी गाडीच्या एका खिळ्यालाही हात लावला नव्हता. मी स्क्रू पिळले, चाकं चढवली, अंगणात गाडी दोन हात पुढे-मागे केली. ब्रेक किंचाळला नाही. मी म्हटलं, जमलं.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची कर सरली, आणि आम्ही निघालो. मी, बायको, आणि अचानक धोतर नेसून तयार झालेले वडील.

"तुमी कुठी?"

"पाह्यतो. कसं चालते ते."

बटण दाबलं. एका दमात लागली. बायकोनं मागच्या सीटवरून नुसतं "हूं" केलं. त्या "हूं"मध्ये निदान अर्धी शाबासकी होती. बुलढाण्यापर्यंत मी राजा होतो. ब्रेक जरा उशिरा लागतो आहे असं वाटलं, पण नव्यानं घासलेत, बसतील हळूहळू, असं स्वतःला सांगितलं.

राजूरच्या घाटात उतार लागला. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला, गाडी थोडी विचारात पडली. दुसऱ्या वळणावर दाबला, ती विचारातही पडली नाही. मी खालचा गिअर टाकला, हातब्रेक ओढून धरला आणि मनात जेवढे देव आठवले तेवढ्यांना मागच्या सीटवर बसवलं. आणि तेवढ्यात गाडीत वास भरला. चांगला वास. सणाचा.

बायको म्हणाली, "अवो, घाटात कोण तूप कढून राह्यलं?"

माझे डोळे पुढच्या वळणावर होते. वडील खिडकीबाहेर सागाची झाडं पाहत होते, फार लक्ष देऊन.

घाट उतरलो. कसा, ते गिअरला विचारा. इंजिन कण्हत होतं, पण कोणाचा हात गाडीला लागला नव्हता. मोताळ्यानंतर रस्ता सपाट झाला आणि मी रांगत्या पोरासारखी गाडी नेली. रोहिणखेडला मशिदीवरून वळलो तेव्हा चौकात तीच माणसं, त्याच भावजया. बायको ताठ बसली. मी तिला आरशात पाहिलं. बऱ्याच महिन्यांत ती इतकी बरी दिसली नव्हती.

सासऱ्यांच्या अंगणात शिरताना थोडा उतार आहे. दारात सगळे उभे. मी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, हातब्रेक ओढला तर त्याची तार तुटून दांडा नुसता हातात आला. अंगणाच्या टोकाला कुटाराचा मोठा ढीग होता, गुरांसाठी साठवलेला भुसा. गाडी अगदी सावकाश, कोणालाही त्रास न देता, त्या ढिगात खिडक्यांपर्यंत शिरली आणि बंद पडली.

कुटाराचा धुरळा खाली बसला. माझा साळा पुढे आला, काचेवरचा भुसा बोटानं पुसून आत डोकावला.

"या जवाईबुवा. आतापावतर ढकलाव लागत होती. आता धराव लागते काय?"

ढिगातून गाडी बाहेर काढायला त्याची बैलजोडी आणावी लागली. शिंगांचा गेरू अजून ओला असल्यासारखा चमकत होता. दोर बांधला, बैलांनी एक हिसका दिला आणि गाडी मागे आली.

मी बायकोला म्हटलं, "कोणाचा हात नाही लागला हो. बैल लागले."

"हाव," ती म्हणाली. "अन् बैल आपल्या मनानं आले होते."

अडत्याचा पोळ्यानंतर यायचा वायदा होता. मी अंगरखा काढला, चाक उतरवायला बसलो. रोग कोणता हे तरी कळावं, एवढीच इच्छा उरली होती. भांडं ओढलं आणि आतून पिवळंधमक निघालं. पट्ट्यांवर, भांड्याच्या पोटात, सगळीकडे हळद. आणि तूप जळून झालेली बेरी. दुसऱ्या चाकातही तेच.

बायको वाकली. बोट लावलं, नाकाशी नेलं. मग तिनं माझ्याकडे नाही, माझ्या वडिलांकडे पाहिलं.

"मामाजी?"

वडील ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "घासून घासून लाल झाला होता खांदा तिचा. मले वाटलं, बैलाचं केलं, तिचंही कराव. ओरडत होती बिचारी."

कोणी हसलं नाही. साळ्यानंही नाही. ज्या माणसानं तीन वर्षं गाडीकडे तिरकं पाहिलं होतं, त्यानं तिच्या खांद्याला स्वतःच्या हातानं तूप चोळलं होतं, घरचं, लोणकढं. आणि वर धूळ बसू नये म्हणून झाकणही लावलं होतं.

बायकोनं बोट पदराला पुसलं. मग तिनं विचारलं, "आवतन देलं होतं?"

माझा पाना हातातच राहिला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "देलं न," ते म्हणाले. "आवतनाशिवाय खांदा कोण मयते?"

"मंग पुढच्या पोळ्यापावतर?"

"मंग काय. जेवाले बोलावलं तिले."

बायको ओट्याच्या पायरीवर बसली, अख्खा मळा नांगरून आल्यासारखी. ती शब्दाची पक्की, पण घरचा नेम तिच्या शब्दापेक्षा जुना. अडत्याला काय सांगायचं ते वडील सांगणार होते, आणि पुढे त्यांनी सांगितलंही. जनावर जेवलेलं आहे, देता येत नाही. अडत्या म्हणे गाडीकडे आणि वडिलांकडे आळीपाळीनं पाहत परत गेला.

आवतन त्यांनी त्या दिवशी खरोखर दिलं होतं, की रोहिणखेडच्या ओट्यावर बसल्या बसल्या दिलं, हे मी कधी विचारलं नाही. आपल्या हातून झालेलं काम आणि पोराची जाणारी गाडी, या दोहोंमध्ये बसलेल्या म्हाताऱ्याला काही विचारायचं नसतं.

मला आनंद व्हायला हवा होता. गाडी राहिली होती. तिच्यासाठी मी कंबर दिली, सगळा पावसाळा दिला. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला फक्त एवढं दिसत होतं की आणखी एक वर्ष. तिचं तेल, तिचं पाणी, माझे रविवार. पाहुणा निघता निघता दारात चप्पल शोधतो आणि परत येऊन बसतो, तसं काहीसं.

साळ्यानं रॉकेलचा डबा आणून दिला. मी पट्ट्या धुवायला बसलो. हळद अशी बसली होती की रॉकेल पिवळं झालं, फडकं पिवळं झालं, माझी नखं पिवळी झाली. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी. बायको येऊन शेजारी उकिडवी बसली, दुसरं फडकं घेतलं आणि एक पट्टी माझ्या हातातून ओढून घेतली.

"आता जाताना घाट चढाचा आहे न?" तिनं विचारलं.

"हाव."

"मंग ब्रेकचं काही काम नाही."

"पण चढावर बंद पडली तर..."

"तर मी आहेच की," ती म्हणाली आणि पट्टी घासत राहिली. "दिवा माह्या हातचाच आहे. उजवा."