संत्र्याच्या फोटोसमोर आई थांबली

नरखेडजवळच्या आमच्या गावात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी. काम चालतं, पण वर्षभरापासून माझे सगळे फोटो मलाच सारखे वाटत होते. म्हणून एका रविवारी नागपूरला जाऊन दोन प्रदर्शनं बघायची ठरवली. आदल्या संध्याकाळी आई म्हणाली, "मीबी येऊन राहिली तुह्यासंग."

खरं सांगते, मला संकोच वाटला. आई बावीस वर्षं संत्र्याच्या बागांत तोडणीला जाते. गॅलरीत ती मोठ्यानं बोलेल, कशालाही हात लावेल, अशी भीती होती. पण नाही म्हणवलं नाही.

सकाळच्या एसटीनं काटोलमार्गे अडीचेक तास लागतात, बायकांना अर्धं तिकीट. पहिलं प्रदर्शन महाल भागात, एका शाळेच्या हॉलमध्ये, कॉलेजच्या मुलामुलींचं होतं. तिथे जाणार असाल तर गल्लीच्या तोंडाशीच ऑटो सोडा, आत गाड्या अडकतात. एका मुलीनं एकाच घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाचे पाच फोटो लावले होते. माणूस तोच, टेबल तेच, फक्त सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजेड बदलत गेलेला. मी वहीत लिहिलं: जागा बदलण्याआधी वेळ बदलून बघ.

बाहेर गरम सांबारवडी खाल्ली (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) आणि सिव्हिल लाइन्सच्या गॅलरीत पोचलो. प्रवेश मोफत. एका ज्येष्ठ फोटोग्राफरची संत्र्यांवरची कृष्णधवल मालिका होती. सावल्यांचं काम असं की मी एकेका फोटोसमोर पाच-पाच मिनिटं उभी. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"ह्या बाईनं संत्रं कधी तोडलंच नाही."

फोटोत एक बाई झाडावरचं संत्रं खाली ओढत होती आणि खालच्या पाटीवर लिहिलं होतं: 'तोडणी करणारी मजूर'.

"आई, हळू बोल नं."

"काहून? खोटं बोलून राहिली का मी?"

शेजारी खादीचा कुर्ता घातलेले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. "हा फोटो माझा आहे. काय चुकलं, सांगा ना ताई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र अजिबात बिचकली नाही. हवेतच संत्रं धरल्यासारखा हात करून तिनं मनगट फिरवून दाखवलं. "ही खाली ओढून राहिली. असं ओढलं तं देठापाशी साल निघते, मंग ते फळ सडते अन् कॅरेटमधल्या बाकीच्यालेही सडवते. पिरगाळून तोडा लागते, जराशी देठी फळाले राहू द्या लागते."

ते वाकून फोटोतला हात बघू लागले. मग म्हणाले, "ही माझ्या मित्राची सून. त्या दिवशीची तोडणी संपून मजूर गेले होते, म्हणून तिलाच झाडाजवळ उभं केलं. इतकी माणसं बघून गेली, पण कोणी ओळखलं नाही."

त्यांनी आईला नाव विचारलं, ती पाटी काढली आणि टेबलावर बसून नवी लिहिली: 'बागेत मित्राची सून. तोडणी अशी होत नाही, हे कमलताईंनी दाखवलं.'

"तुमचं नाव चालेल ना?"

"चालते. गावाचंबी लिहा."

त्यांनी गावाचं नावही लिहिलं. पाटी लागल्यावर दोन-तीन पोरी आईभोवती जमल्या. तिनं त्यांनाही मनगट फिरवून दाखवलं. माझी मान इतकी ताठ क्वचितच झाली असेल.

निघताना मी माझ्या स्टुडिओचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुम्ही फोटोग्राफर. यांचे कामावरचे फोटो काढलेत?"

माझ्याकडे आईचा एकच फोटो होता, बँकेच्या पासबुकासाठी काढलेला. तेच सांगितलं.

परतीच्या एसटीत आईनं मावशीला फोन लावला. "माह्यं नाव लागलं वं नागपुरात, भितीवर!" अख्ख्या गाडीनं ऐकलं. मीही ऐकू दिलं.

प्रदर्शनाला जाल तर फोटोंत जे काम आहे, ते करणारं एखादं माणूस सोबत न्या, एवढंच सुचवेन.

मंगळवारी मी तिच्याबरोबर बागेत गेले. दुपारपर्यंत कॅमेरा पिशवीतच होता, मी तोडणी करत होते. माझी सुरुवातीची निम्मी फळं, साल निघाली म्हणून, तिनं बाजूला काढली. जेवणानंतर फोटो काढले. ऊन कडक होतं, त्यामुळे उजेडाच्या दृष्टीनं ते काही फार ग्रेट नाहीत. पण पुढच्या क्षणी तिचा अंगठा कुठे जाणार, हे मला आधीच कळत होतं.