चांगल्या पायाची उडी

तीन उड्या झाल्या. एकशे एकतीस, एकशे बत्तीस, पुन्हा एकशे एकतीस सेंटिमीटर. मी खाली वाकून जमिनीवरची टेप परत पाहिली. आकडे बरोबर होते, आणि तेच मला खटकलं.

"झालं ना मॅडम?" वैशालीने विचारलं. तिला दमही लागला नव्हता.

"झालं. बूट घाल."

या उड्या चांगल्या पायाच्या, म्हणजे उजव्या पायाच्या होत्या. त्याआधी ऑपरेशन झालेल्या डाव्या पायाने ती एकशे बारा, एकशे एकोणीस आणि एकशे एकवीस गेली होती. आमच्या फिजिओथेरपीच्या धंद्यात याला हॉप टेस्ट म्हणतात. एका पायावर उभं राहायचं, जमेल तितकी लांब उडी मारायची आणि त्याच पायावर न डगमगता उतरायचं. मग ऑपरेशनच्या पायाचा आकडा चांगल्या पायाच्या आकड्याशी ताडून बघायचा. नव्वद टक्क्यांच्या वर असेल, तर बाकीच्या चाचण्या बघून मी खेळायला परवानगी देते. वैशालीचे ब्याण्णव टक्के आले. ऑपरेशनला नऊ महिने झाले होते. कागदावर सगळं ठीक होतं.

पण माणूस जीव तोडून उडी मारतो तेव्हा तीनदा एकाच जागी उतरत नाही. डावा पाय नऊ सेंटिमीटर इकडेतिकडे होतो आणि उजवा एका सेंटिमीटरवर अडून बसतो, हे माझ्या गळी उतरेना. मी सही केली नाही. "पुढच्या आठवड्यात परत बघू," एवढंच म्हणाले. तिने मान डोलावली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

तिच्या चेहऱ्यावर सहसा काही दिसत नसे. ती सेटर होती. व्हॉलीबॉलमध्ये एका टीमला तीन टच मिळतात. पहिला टच बॉल उचलणाऱ्याचा, शेवटचा स्मॅश मारणाऱ्याचा. मधला सेटरचा. कुणाला बॉल द्यायचा हे ती ठरवते आणि समोरच्या ब्लॉकरना शेवटपर्यंत कळू देत नाही. टाळ्या शेवटच्या टचला पडतात, पण टीम सेटर चालवते. जळगावच्या तिच्या कॉलेजची टीम ती दोन वर्षं चालवत होती. वडील नरडाण्याच्या एमआयडीसीत मशीन ऑपरेटर, आई घरी, ही होस्टेलला. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली की भुसावळला रेल्वेच्या ट्रायलला जायचं, असा तिचा हिशोब ठरलेला होता.

चाळीसगावच्या मॅचमध्ये तो बिघडला. सेट करून ती खाली आली ती नेटखालून पुढे आलेल्या समोरच्या मुलीच्या पावलावर. गुडघा आत वळला. गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना धरून ठेवणारा एक चिवट पट्टा असतो. त्याला एसीएल म्हणतात. तो पूर्ण तुटला. जळगावच्या एका सर्जनने मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन काढून त्या जागी नवा पट्टा बसवला. ऑपरेशन उत्तम झालं. पुढचं काम माझ्याकडे आलं. हा नवा पट्टा मुरायला महिने लागतात. त्याआधी घाई केली आणि तो पुन्हा तुटला, तर दुसऱ्या ऑपरेशननंतर मुलगी चालते-फिरते, पण खेळ बहुतेक सुटतो.

माझा पहिला संशय तिच्या कोचवर गेला. महाजन सरांचा दर दोन दिवसांनी फोन यायचा.

"मॅडम, सर्टिफिकेट कधी मिळेल? विद्यापीठाची ट्रायल तीन आठवड्यांवर आलीय."

"टेस्ट पास झाली की."

"पास झाली म्हणते ती."

"ती म्हणते. मी म्हटलेलं नाही."

"बघा, तुमचं तुम्हाला माहीत," असं म्हणून सरांनी फोन ठेवला.

मला वाटलं, हाच माणूस तिला काहीतरी पढवतोय. सुजलेला गुडघा बर्फात बुडवून आणणारे आणि गोळ्या देऊन दुखणं झाकणारे कोच मी पाहिलेत. मी दर वेळी गुडघ्याचा घेर मोजायला लागले. सूज नव्हती. तरी संशय जाईना.

त्याच आठवड्यात वैशालीची आई नरडाण्याहून पॅसेंजरने आली. मुलगी आत व्यायाम करत होती. आई बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "मॅडम, पोर तुमले बठ्ठं सांगस का?"

"सगळं सांगते की. का हो ताई?"

"घर ऊनी का जिना चढतांना अजून आधी उजवा पाय टाकस. डावा मांगे ओढस. मी इचारं तं म्हने, सवय शे."

नऊ महिन्यांनी ब्याण्णव टक्क्यांचा पाय जिन्यावर मागे राहत नाही. आईने तोंडाने आरोप केला नाही, पण डोळ्यांनी केला. आपली मुलगी खोटं बोलतेय असं तिला वाटत होतं आणि ते माझ्याकडून खोटं ठरवून घ्यायला ती आली होती. मला ते करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न सांगता कॉलेजच्या ग्राउंडवर गेले. गेटजवळच्या कडुलिंबाआड गाडी लावली. खरं सांगायचं तर मी पाळतच ठेवली होती. वैशाली उड्या मारताना सापडेल आणि शेजारी महाजन सर शिट्टी घेऊन उभे असतील, अशी माझी खात्री होती.

वैशाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. सर समोरून बॉल टाकत होते आणि ती बसल्याजागी बोटांवर घेऊन भिंतीवरच्या खडूच्या चौकोनात पाठवत होती. एकामागून एक. चौकोनाबाहेर फारसं काही जात नव्हतं. पाय जमिनीवर सपाट होते.

सरांनी मला पाहिलं. ते काही चकित झाले नाहीत.

"तपासायला आलात?"

"हो."

"तुम्हीच लिहून दिलंय, उडी नाही. उभी केली की ती उडी मारतेच. म्हणून बसवलीय. सहा महिने झाले." मग बॉल काखेत धरून म्हणाले, "मी घाई करतो फोनवर. इथे नाही करत."

मला लाज वाटली. पण कोडं सुटलं नव्हतं. कोच नाही, तर कोण?

पुढच्या वेळी वैशाली आली तेव्हा मी टेप अंथरून ठेवली होती.

"आज डावा पाय नको," मी म्हणाले. "मला तुझ्या उजव्याची काळजी वाटतेय."

"उजव्याला काय झालंय?"

"तुझ्या उंचीची खेळाडू दीड मीटरच्या पुढे जायला हवी. तू एकशे बत्तीसवर थांबतेस. उजवाही कमजोर झाला असेल तर ट्रायलचं विसर. दोन्ही पायांवर पहिल्यापासून काम करावं लागेल."

ही माझी लबाडी होती. तिच्या उजव्या मांडीचा घेर तसूभरही कमी झालेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. ती टेपकडे बघत राहिली. मग दोन पावलं मागे सरकली, रेषेवर आली, हात मागे नेले आणि उडाली. एकशे अठ्ठावन्न.

मी आकडा लिहिला. तिनेच मनातल्या मनात भागाकार केला.

"सत्त्याहत्तर," ती म्हणाली आणि खाली बसली.

"कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. तुमच्या भिंतीवर लिहिलंय ना, हा पाय भागिले तो पाय. डावा वाढतच नव्हता मॅडम. मग उजवा कमी केला."

"आणि ट्रायलला पट्टा परत तुटला असता तर?"

"तुटला असता तर माझा तुटला असता." मग तिने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "निधी डॉक्टरांची भाची आहे. तुम्हाला माहीत नाही असं म्हणू नका."

निधी ही टीमची दुसरी सेटर. वैशाली बाहेर बसली की निधी खेळणार. आणि डॉक्टर म्हणजे तिचं ऑपरेशन केलेले सर्जन, ज्यांच्याकडून माझे निम्मे पेशंट येतात.

"माहीत आहे," मी म्हणाले.

"दर महिन्याला तुम्ही म्हणता, अजून थांब. होस्टेलमध्ये पोरी म्हणतात, तुला मुद्दाम थांबवतायत. मी काय समजायचं?"

मला राग आला. इतकी वर्षं काम केलं, कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. उत्तर देणार तेवढ्यात एक फोन आठवला. महिनाभरापूर्वी डॉक्टरांनी दुसऱ्याच पेशंटबद्दल बोलताना सहज विचारलं होतं, "ती सेटर यंदा खेळेल का हो? घरी विचारत होते." मी तितक्याच सहज सांगितलं होतं, "अवघड दिसतंय." त्यात वावगं काही आहे, असं तेव्हा वाटलं नाही. आता वाटलं. ती बातमी ज्या घरी गेली, त्या घरात निधी जेवायला बसत असेल.

हे मी वैशालीला सांगितलं. माझ्या सल्ल्यात खोट नव्हती, पण माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं, हे कबूल केलं. ती बराच वेळ बुटाची नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"मग आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?"

"ठेवू नकोस. दुसऱ्याकडून मोजून घे. जळगावात नको, इथे सगळे एकमेकांना ओळखतात. धुळ्याला जा. माणूस तू निवड. मला नावही सांगू नकोस."

मी तिला ऑपरेशनची तारीख आणि कोणत्या चाचण्या हव्यात एवढं लिहून दिलं. माझे आकडे लिहिले नाहीत. पाकीट चिकटवलं नाही. तिने माझ्यासमोरच चिठ्ठी काढून दोनदा वाचली आणि मगच पिशवीत ठेवली.

चार दिवसांनी ती धुळ्याचा रिपोर्ट घेऊन आली. उजवा एकशे सत्तावन्न, डावा एकशे एकोणीस. शहात्तर टक्के. खाली त्या माणसाने लिहिलं होतं, 'सध्या खेळू नये.'

"तुमच्यापेक्षा एक टक्का कमीच दिला त्याने," ती म्हणाली. हसली नाही. पण त्या दिवशी जाताना तिने पुढची वेळ स्वतःहून मागितली.

मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, "सर, ऑपरेशनचं काही असेल तर जरूर विचारा. ती खेळणार की नाही हे यापुढे तिला विचारल्याशिवाय मी सांगणार नाही." ते म्हणाले, "अहो, मी सहज विचारलं होतं." पुढचे काही महिने त्यांच्याकडून पेशंट कमी आले. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही, मला आजही माहीत नाही.

ट्रायल झाली. निधीची निवड झाली. वैशाली ट्रायल बघायला गेली होती. निधीचे हात चांगले आहेत, पण बॉल कुणाला जाणार ते ती खांद्यावरून आधीच कळू देते, असं तिने मला येऊन सांगितलं. मत्सर असेल, पण निरीक्षण बरोबर असावं.

त्यानंतर चौदा आठवडे आम्ही डाव्या पायावर काम केलं. एका पायावर उठबस, पायरीवरून हळू उतरणं, वजनं, मग छोट्या उड्या. टेप आता तिच्या हातात असे. मी लांब उभी राहायची. ती मोजायची, मोठ्याने आकडा म्हणायची, स्वतःच्या वहीत लिहायची. काही आठवडे आकडा हललाच नाही. त्या दिवसांत ती कुणाशी बोलत नसे. शेवटी उजवा एकशे एकोणसाठ, डावा एकशे एकोणपन्नास. चौऱ्याण्णव टक्के. मी सही केली. तिने सर्टिफिकेट वाचून पाहिलं, प्रत्येक ओळ.

पुढच्या वर्षी तिने एम.ए.ला नाव घातलं. व्हॉलीबॉलसाठी घातलं, हे मला सांगितलं, घरी नाही. आंतरमहाविद्यालयीन सामने धुळ्याला होते. मी गेले. आई स्टॅंडमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली. पहिला सेट निधी खेळली आणि टीम हरली. दुसऱ्या सेटच्या मध्यावर सरांनी वैशालीला आत पाठवलं.

त्या मॅचचं वर्णन मला करता येणार नाही. मी बॉल पाहिलाच नाही. ती उडी मारायची आणि मी फक्त गुडघा बघायची. आत वळतोय का, डावा उजव्याइतकाच वाकतोय का. एकदा ती दोन मुलींच्या मध्ये उतरली आणि तोल गेला. तिने डाव्या पायावर सगळं वजन घेतलं आणि पुढच्या बॉलसाठी वळली. शेजारून आई म्हणाली, "काय झायं?" मी म्हटलं, "काही नाही."

शेवटचा पॉइंट तिने दुसऱ्याच टचला बॉल स्वतः नेटपलीकडे टाकून घेतला, असं मला नंतर सांगितलं गेलं. समोरच्या तिघी ब्लॉकर भलतीकडे उड्या मारून बसल्या होत्या. निधी बेंचवरून उठून धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. त्यातलं खरं किती, हे शोधायचं मी टाळलं.

विद्यापीठाच्या टीममध्ये दोघींचीही निवड झाली. टीम पहिल्याच फेरीत बाहेर पडली. रेल्वेच्या ट्रायलला वैशाली एकदा गेली आणि शेवटच्या यादीत राहिली नाही. पुन्हा जाणार आहे. गुडघा चांगला आहे.

मी दोन गोष्टी बदलल्या. पेशंट पहिल्यांदा येतो त्याच दिवशी, ऑपरेशनच्याही आधी, मी चांगला पाय मोजून ठेवते. त्या दिवशी कुणालाच त्याबद्दल खोटं बोलायचं सुचलेलं नसतं. आणि कुणी सहज म्हणून पेशंटची चौकशी केली, मग ते डॉक्टर का असेनात, तर आधी पेशंटला विचारते. ही दुसरी गोष्ट मला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवली होती. परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता आणि मला पूर्ण मार्क मिळाले होते.