सूनबाई पुन्हा फुटसालच्या मैदानावर

मंडळी, आज सकाळी नातीला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला उभा होतो. बाळंतपणानंतर आमच्या सूनबाईला, मीनलला, फुटसालच्या, म्हणजे पाच-पाच जणींच्या छोट्या फुटबॉलच्या, संघात परतायचं होतं. आज तिची चाचणी होती.

दोरीच्या उड्या, जोर, शंकूंमधून चेंडू नेणं, मग जीव तोडून धावणं. मध्ये विश्रांती नाहीच. शेवटच्या फेरीत ती गुडघ्यांवर कोसळली.

कोच म्हणाले, "मीनल जी, बस कीजिए."

"नहीं भैया, पूरा करूँगी."

ती उठली आणि धावली. फेरी पूर्ण करूनच थांबली.

संघात घेतलं तिला! मी नातीला पुढे केलं, तर हसून म्हणाली, "बाबा, तुम्हीच धरा. माझे हात थरथरतायत."

रोज एकत्र जेवतो आम्ही, पण हिच्यात एवढी ताकद आहे हे आज कळलं. तुमच्या घरच्यांना असं खेळताना कधी पाहिलंय तुम्ही?